तीन प्रती आणि एक खोकला

मी काय काम करतो हे लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि उरलेलं निम्मं ते काम करण्यात. पहिल्या निम्म्यात यश आलं नाही. दुसऱ्या निम्म्याचं काय झालं ते आता सांगतो.

जगभरची ग्रंथालयं, विद्यापीठं, संग्रहालयं आपली जुनी कागदपत्रं, फोटो, गाणी संगणकात चढवतात आणि हुश्श करतात. संगणकातली वस्तू कागदापेक्षा लवकर मरते हे त्यांना ठाऊक नसतं. कागदाला वाळवी लागली तर खाली भुसा तरी पडतो, फाईल मरते ती निमूटपणे. ती मरू नये म्हणून एक सॉफ्टवेअर आहे. देशोदेशीची माणसं ते मिळून लिहितात आणि मागेल त्याला फुकट देतात. त्या माणसांतला एक मी, महेंद्र भिंगारदिवे, मुक्काम सावेडी, अहिल्यानगर. हल्ली अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच बसलंय.

लग्न ठरताना सासरेबुवांनी विचारलं होतं, "करता काय आपण?" मी नम्रपणे म्हणालो, "फायली सांभाळतो." त्यावर त्यांनी मध्यस्थाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "शिपाई आहेत का?" आमच्या खालच्या मजल्यावर वैजनाथराव राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना शिपायाचं नाही, 'फुकट' या शब्दाचं वाईट वाटतं. "भिंगारदिवे साहेब, फुकट देता ते ठीक आहे, पण चोरून थोडे तरी पैसे घेत जा," असा सल्ला त्यांनी मला अगदी कळवळून दिला आहे.

आमच्या धंद्याचा एक मूलमंत्र आहे. जे एकाच ठिकाणी असतं, ते नसल्यातच जमा. म्हणून प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. दुसरा मंत्र असा की मूळ वस्तूला हात लावायचा नाही, काय करामती करायच्या त्या नकलेवर. हे मी परदेशातल्या मोठमोठ्या लोकांना शिकवलं आहे. घरातही रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळ्याच्या तीन प्रती आहेत. "नवरा तेवढा एकच आहे, त्याचं काय करायचं?" असं माझी बायको रश्मी पाहुण्यांसमोर विचारते. पाहुणे हसतात. मीही हसतो, न हसून करतो काय.

तर दिवाळीनंतर काष्टीहून कलाबाई काकींचा फोन आला. काकी म्हणजे माझी चुलती. माझे चुलते कोंडीराम, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. एकेकाळी या नवराबायकोची गायन पार्टी होती. श्रीगोंद्यापासून राहुरीपर्यंत जयंतीला, लग्नाला, नामकरणाला ती पार्टी गाजायची. गायच्या काकी. मागे कोरसला लंकाबाई. स्पीकर आणि माईक कादरभाईंचे. तात्यांना गळा नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे बक्षिसं पुकारायचं काम होतं. गाणं रंगात आलं की गर्दीतून कोणीतरी उठून पाच-अकरा रुपये काढायचा. लगेच तात्या हात वर करून गाणं थांबवायचे, माईक ओढून देणाऱ्याचं नाव, गाव, बापाचं नाव असं सगळं पुकारायचे, आणि मग काकी तुटलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून धरायच्या. अशा कार्यक्रमांच्या कॅसेटी कादरभाईंनी भरल्या होत्या आणि त्या काकींच्या घरी एका ट्रंकेत पडून होत्या, वाजवायला गावात टेप उरला नव्हता.

"महिंद्रा," काकी म्हणाल्या, "त्या कॅसेटी तुज्या मशिनीत घाल. ह्यांच्या पयल्या स्मृतिदिनाला लावायच्यात."

"कोणती गाणी पाहिजेत काकी?"

"गानी बिनी न्हाई. आख्खी कॅसेट लाव."

केवढा हा विनय, असं मला वाटलं. स्वतःच्या गाण्याचं नावसुद्धा घेत नाहीत. मी भारावून गेलो, आणि भारावलेला माणूस नीट ऐकत नाही.

आता घरचंच काम, ट्रंक उचलायची आणि घेऊन यायची. पण मी व्यावसायिक माणूस. हक्कधारकाच्या लेखी संमतीशिवाय कशाला हात लावत नाही. बाजाराच्या दिवशी संमतीपत्र घेऊन काष्टीला गेलो. काकींनी वाचलंसुद्धा नाही, सही करून मोकळ्या झाल्या. तिथंच थांबायला हवं होतं. मी मात्र कादरभाईंना विचारलं, "ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा?"

जन्मात कोणी विचारला नव्हता असा प्रश्न ऐकून कादरभाई खुर्चीत सरळ बसले. "सेट माझा, कॅसेट माझी. कोंडीभाऊंचं फक्त बोलनं." हे जयंती समितीच्या कानावर गेलं. समिती म्हणाली, कार्यक्रम आमचा होता, तेव्हा ठराव झाल्याशिवाय कॅसेट गावाबाहेर जाणार नाही. मला आनंदच झाला. इतकी जागरूकता मला परदेशातही दिसली नव्हती. पण ऊसतोडीचे दिवस, बैठकीला माणसं जमेनात. जमली तेव्हा ठराव झाला, पण शिक्का सापडेना. शिक्का जुन्या सेक्रेटरींकडे होता आणि ते मुलीकडे देवळाली प्रवराला मुक्कामाला गेले होते. म्हणून मी देवळाली प्रवराला. तिथं शिक्का मिळाला तर पॅडची शाई वाळलेली. सेक्रेटरींनी शिक्क्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली, माझ्या कागदावर दाबला, आणि कागदावर काहीच उमटलं नाही. "उमटलंय असं समजा," ते म्हणाले. मी समजलो.

काकींचा मुलगा प्रशांत, माझा चुलतभाऊ, शेती करतो. ट्रंक माझ्या गाडीत ठेवताना म्हणाला, "दादा, कॅसेट न्यायला येवढं लागत आसंल तर मानूस न्यायला काय लागत आसंल?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढचा प्रश्न म्हणजे कॅसेट वाजवायची कशावर. वैजनाथरावांनी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढून दिला आणि तेव्हापासून ते या प्रकल्पाचे सल्लागार झाले. आतला पट्टा वितळून डांबर झाला होता. त्यांच्या सूचनेवरून आम्ही रश्मीच्या केसांचं रबर बसवलं. काकींचा आवाज पुरुषी लागला. रबराला पीळ दिला तर लहान मुलीचा लागला. शेवटी गावात हिंडून पट्टा मिळवला, बुरशी पुसली, एकेक कॅसेट संगणकात उतरवली आणि तिच्या तीन प्रती केल्या. एक घरी, एक ऑफिसच्या सर्व्हरवर, एक परदेशात. तिन्ही रोज एकमेकींशी जुळवून घेतात आणि एकीत बदल झाला की बाकीच्या दोघी तो करतात. ही व्यवस्था मीच लिहिलेली आहे आणि तिचं कौतुक झालेलं आहे.

वैजनाथराव रोज चहाला यायचे आणि ऐकायचे. एकदा म्हणाले, "बाई काय गातात हो! पण मधे मधे हा माणूस फार बोलतो."

हा माणूस म्हणजे माझे तात्या. त्या वेळी मला राग यायला हवा होता. मी हसलो. अजून आठवतं की मी हसलो.

कारण माझ्याकडे एक युक्ती होती. गाण्यातलं बोलणं, खोकणं, खरखर आपोआप ओळखून काढून टाकणारी एक चाळणी मी सॉफ्टवेअरसाठी लिहिली होती. परदेशी मंडळींना ती दाखवायची होती, आणि इथं आयतीच सामग्री मिळाली. चाळणी फिरवली. काय सांगू, काकींचं गाणं सलग, अखंड, धुतल्यासारखं निघालं. ऑनलाईन बैठकीत ते वाजवलं तेव्हा दूरच्या कोणाकोणाचे डोळे पाणावले. मला इतकं भरून आलं की चाळलेली फाईल मी मूळ फाईलच्याच नावाने, मूळ फाईलच्याच जागी ठेवून दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाकीच्या दोन्ही प्रतींनी आपलं कर्तव्य केलं. जुन्या आवृत्त्या काही दिवसांनी काढून टाकायच्या असा नियम होता, जागा वाचावी म्हणून. तोही मीच केलेला.

ट्रंक परत द्यायला गेलो तेव्हा प्रशांत ज्वारीत होता. कणसं नुकती भरायला लागली होती आणि पाखरांनी त्याला जेरीस आणलं होतं. मी म्हणालो, "आता या कॅसेटींची काळजी करू नकोस. याच्यापेक्षा भक्कम प्रती झाल्यात. तीन."

"म्हंजी ह्याचं आता काय काम न्हाई?"

"तसं काहीच काम नाही," मी म्हणालो. काय तो माझा थाट.

स्मृतिदिनाला काष्टीच्या अंगणात मांडव पडला. तात्यांच्या फोटोला हार घातला, त्रिसरण-पंचशील झालं, दोघातिघांची भाषणं झाली. कादरभाईंनी आपला जुना कर्णा मुद्दाम आणला होता. काकी पांढऱ्या लुगड्यात अगदी पुढे, कर्ण्याच्या तोंडाशी बसल्या. मी लॅपटॉप जोडला, दोन शब्द बोलतो म्हणून बरेच बोललो, आणि बटण दाबलं.

पहिल्या गाण्याला माना डोलल्या. दुसऱ्याला लोक चुळबुळू लागले. तिसऱ्याला मागून एक म्हातारे उठले. "आरं, बक्षिसं कवा येनार? माज्या बापानं दिल्तं ह्या गान्याला. नाव पुकारलं हुतं, मी मांडीवर हुतो."

"माज्या चुलत्याचं बी हुतं," दुसरा कोणी म्हणाला.

मला वाटलं, शंकानिरसनाची वेळ आली. मी माईक घेऊन समजावलं की मधलं बोलणं गाण्याला मारक होतं, ते शास्त्रीय पद्धतीने गाळलं आहे, आता फक्त शुद्ध गाणं उरलं आहे. मांडवातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्याला मी दाद समजलो.

मग काकींनी मान वळवली. "आन् ह्यांचा आवाज?"

"कोणाचा, काकी?"

"ह्यांचा." त्यांनी फोटोकडे बघितलं.

मला तोवर सुचलंच नव्हतं. तात्यांनी फोटो काढून घेतले, पण आवाज कधी कशात भरला नाही, मोबाईलवर बोलायचेही नाहीत. ते फक्त बक्षिसं पुकारायचे. म्हणजे मी जे गाळलं, ते सगळेच तात्या होते.

मी गोरामोरा होऊन उभा राहिलो. लंकाबाई काकींच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला खूण करून खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं, "आरं, ती गानी ऐकाया न्हाई बसली. जन्मात कोंडीरामानं बायकूचं नाव घेतलं नव्हतं. आगं ए, न्हाईतर परशांताची आई. यका जयंतीला हिनं आसं गायलं, आसं गायलं, की त्यानं सोताच्या खिशातला रुपाया काढला. आता पुकारायचा म्हंजी नाव तर घ्यावंच लागतंय. माईक धरला, लाजून खोकला, आन् म्हनला, कलाबाई यांच्या गान्यावर खूस होऊन कोंडीराम भिंगारदिवे यांच्याकडून. येवढं यकदाच. त्ये कॅसेटीत हाय."

"हुतं," काकी म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. वर्षभर त्या या दिवसाची वाट बघत होत्या आणि लाजेपायी कोणाला सांगू शकल्या नव्हत्या. मला त्यांनी सांगितलं होतं तेवढंच, की आख्खी कॅसेट लाव.

मी धडपडत बोललो, "काकी, मूळ कॅसेटी आहेत ना. परत उतरवतो. प्रशांत, ट्रंक कुठंय?"

प्रशांत मांडवाच्या खांबाकडे बघू लागला. "दादा, तुमीच म्हनला काय काम न्हाई."

"मग?"

"रानात हाय."

"ट्रंक रानात?"

"ट्रंक न्हाई. फीत."

आमच्याकडे पाखरं राखायला कॅसेटची फीत ज्वारीवरून ताणतात. उन्हात चमकते, वाऱ्यावर घुमते, चिमण्या जवळ येत नाहीत. मी स्वतः लहानपणी बांधली आहे. घरामागे वावर होतं. आम्ही सगळे तसेच उठून गेलो. एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत गावातल्या सगळ्या बक्षिसांची नावं पसरली होती आणि वाऱ्यावर गुणगुणत होती. पाखरू एक नव्हतं.

पुढचे काही तास स्मृतिदिनाला आलेली मंडळी धुतल्या कपड्यांनिशी ज्वारीत शिरून फीत गोळा करत होती. प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कोणी म्हणे उजवीकडून गुंडाळा, कोणी म्हणे आधी धूळ पुसा, आणि ज्या म्हाताऱ्यांच्या बापाचं नाव होतं ते आपापला तुकडा हातात धरून सोडेनात. "माजा बाप ह्यात आसंल," असं म्हणून एकाने दोन हात फीत खिशात घातली. वैजनाथराव नगरहून मुद्दाम आले होते. त्यांनी बांधावर उभं राहून मला फीत तांदळात ठेवायचा सल्ला दिला. त्यांच्याशी मी त्या दिवसापासून चहाच्या वेळी कमी बोलतो. तसा त्यांचा दोष नाही, म्हणूनच माझ्याच्याने बोलवत नाही.

उन्हाने फितीचा रंग उडाला होता. ठिकठिकाणी गाठी, काही ठिकाणी पाखरांनीही सूड उगवलेला. कादरभाईंनी रिकाम्या कॅसेटीत तुकडे भरायला घेतले. हक्काची भाषा ते विसरले होते आणि मीही काढली नाही. फक्त म्हणाले, "भाभीचं नाव कोनत्या कॅसेटीत होतं, हे मी वरती लिहायला पाहिजे होतं. मी सगळ्यांवर नुसतं काष्टी लिहिलं."

त्यानंतर कित्येक दिवस मी आणि कादरभाई तुकडे जोडत होतो. बहुतेक तुकड्यांतून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज आला, काहींतून काहीच नाही. तिघांच्या बापांची नावं निघाली, ती मी त्यांच्या घरी नेऊन ऐकवली. ऐकणाऱ्यांनी मला जेवू घातलं.

एका तुकड्यात काकींचं गाणं होतं, गाणं थांबलं, माईक ओढल्याची कुरकुर आली. आम्ही तो तुकडा पुढे ऐकलाच नाही, तसाच काकींकडे घेऊन गेलो. त्या पाटीत ज्वारी घेऊन निवडत होत्या. टेपरेकॉर्डर बघून त्यांनी पाटी सारली आणि डोक्यावर पदर घेतला.

बटण दाबलं. गाणं, थांबणं, कुरकुर. मग एक खोकला. काय करावं न सुचलेल्या, लाजलेल्या माणसाचा बारीकसा खोकला.

"आता म्हन्त्यात बघ," काकी म्हणाल्या.

आणि फीत संपली. नुसतं चाक फिरत राहिलं.

कादरभाईंनी खाली मान घातली. मी काहीतरी बोलायला लागलो, माफी, पुढचा तुकडा शोधू, मुंबईला एक प्रयोगशाळा आहे, असं काहीबाही. काकींनी मला हाताने थांबवलं. "परत लाव."

परत लावली. पुन्हा खोकला, पुन्हा चाक. त्यांनी डोळे मिटले होते आणि चाकाच्या आवाजात त्यांचे ओठ हलत होते.

"पुढचं मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "हा खोकला तेवढा नीट ठिव."

तो मी ठेवला आहे. मूळ फितीला हात लावला नाही, नकलेला चाळणी लावली नाही. जुन्या आवृत्त्या काढायचा नियमही काढून टाकला. सॉफ्टवेअर अजून अधूनमधून मला विचारतं की या फाईलमध्ये खोकला आढळला आहे, काढून टाकू का. मी नको म्हणतो. ते पुन्हा विचारतं. मीच लिहिलं आहे ते, चिकाटी माझीच आहे.

पुढचं वाक्य तुमच्या तोंडून भरून घेऊ का, असं मी काकींना एकदा विचारलं. त्या हसल्या. "मी माजंच नाव घिऊ व्हय? ते त्यांनी घ्यायचं." नात्यागोत्यात दुसरं कोणी त्यांना नावाने हाक मारेल असं उरलेलं नाही. सगळ्यांच्या त्या काकी, मावशी, आजी. लंकाबाई 'गं' म्हणतात, कादरभाई भाभी म्हणतात.

दर बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन येतो. "हाय ना रं?"

"आहे काकी. तिन्ही ठिकाणी."

"मग झालं."

खोकला तिन्ही ठिकाणी सुखरूप आहे आणि तो शंभर वर्षं टिकेल याची मी लेखी हमी देऊ शकतो. त्याच्या पुढचं वाक्य मात्र एकाच ठिकाणी आहे. ते काष्टीत राहतं, त्याला साखर आहे, गुडघे दुखतात, आणि माझ्याशी बोलून झालं की ते फोन पदराच्या गाठीत बांधून ज्वारी निवडायला बसतं.